पाहुण्यानं फक्त हात पुढं करायचा

सोलापूरहून धाराशिवला येणारी एसटी तामलवाडी मागं टाकते, तिथं रस्त्याच्या कडेला हल्ली पाट्या दिसतात. हुरडा पार्टी. झोपाळे. बैलगाडीची सफर. परवा शनिवारी दुपारी मी घरी निघाले होते. खिडकीची काच अर्ध्यात अडकलेली, वरही जाईना आणि खालीही येईना. त्या अर्ध्या फटीतून अचानक तो वास आत आला. शेणीच्या निखाऱ्यात भाजणारी कोवळी ज्वारी. थोडा धूर, थोडं दूध, थोडं ओलं गवत.

प्रवासात मी कुणाशी बोलत नाही. कानात इअरफोन घालून बसते आणि बऱ्याचदा त्यात काही वाजतही नसतं. पण परवा तोंडून आपोआप निघून गेलं, "हुरडा आला."

शेजारच्या बाईंनी वळून पाहिलं. "आलाय की. तुमचं रान हाय का कुठं?"

"मामांचं आहे. उमरग्याकडं."

"मग हिकडं कुठं चाललाव? तिकडं जा की," असं म्हणत त्यांनी पिशवीतून एक पेरू काढून माझ्यापुढं धरला.

"नको, नको," मी म्हणाले. हे माझं जुनंच आहे. कुणी काही पुढं केलं की तोंडातून आधी नको निघतं, मग मी बघते की ते काय होतं. बाईंनी हात मागं घेतला नाही. त्या तशाच पेरू धरून खिडकीबाहेर बघत राहिल्या, जणू त्यांना ठाऊकच होतं. मग मी हात पुढं केला. पेरू गोड होता, आणि तुळजापूर येईपर्यंत माझ्या अंगात काहीतरी उड्या मारत होतं. बाहेरून दिसत नाही ते. माझं काहीच बाहेरून दिसत नाही, असं मम्मी म्हणते. पण डिसेंबरातला हुरडा आणि नाताळ एकदम आले की मी आतून दहावीतली होते.

दहावीत होते तेव्हाचा तो नाताळ. पूर्वपरीक्षा तोंडावर होती, त्यामुळं मम्मी मला मामांकडं पाठवायला तयार नव्हती. पण त्या वर्षी माझं दृढीकरण व्हायचं होतं. लहानपणी बाप्तिस्मा होतो तेव्हा आपल्या वतीनं आईवडील वचनं देतात. मोठेपणी ती आपणच आपल्या तोंडानं सगळ्या मंडळीसमोर द्यायची, याला दृढीकरण म्हणतात. त्यानंतर पहिल्यांदा प्रभुभोजन घेता येतं. पावाचा एक तुकडा, द्राक्षरसाचा एक घोट. माझा बाप्तिस्मा उमरग्याच्या त्या पत्र्याच्या छोट्या चर्चमध्ये झालेला, म्हणून दृढीकरणही तिथंच, असं मामीनं फोनवर जाहीर करून टाकलं होतं. मामीनं जाहीर केलं की आमच्याकडं चर्चा थांबते.

मामांचं पंक्चरचं दुकान हायवेवर. हैदराबादकडं जाणारे ट्रक तिथं थांबतात. दोरीला लटकवलेल्या जुन्या टायरवर पांढऱ्या रंगात 'हवा पंक्चर' असं लिहिलेलं, आत कॉम्प्रेसर धडधडतोय, आणि डिसेंबर लागला की त्याच टायरच्या वर चांदणी. सगळे बांबूच्या काड्यांची करतात, मामांची सायकलच्या रिंगवर बांधलेली, तारांवर लाल-पिवळा पतंगी कागद, आत बल्ब. ती चांदणी जरा गोलच दिसायची. एकदा एका ट्रकवाल्यानं खाली उतरून विचारलं होतं, "भाई, मिठाई की दुकान है क्या?" मामा म्हणाले, "है ना. पहले हवा भरो, बाद में मिठाई." आणि खरंच मामीनं केलेल्या करंज्या त्याच्या हातात ठेवल्या. मामा ट्रकवाल्यांशी हिंदीत बोलायचे, रानाच्या शेजारच्या अप्पांशी कन्नडमध्ये, मामीशी बाकी कुणालाच कळणार नाही अशा भांडणाच्या भाषेत, आणि माझ्याशी सारखे. मी उत्तर देत नसे.

माझी शाळा इंग्रजी माध्यमाची, तिथं मराठी बोलल्यावर वर्गाबाहेर उभं करत, म्हणून मी शाळेत गप्प. मामांकडं माझ्या पुस्तकी मराठीला सगळे हसत, म्हणून मी तिथंही गप्प. मामांनी माझं नाव मैना ठेवलं होतं. "आमची मैना काय म्हणती?" असं दारातूनच ओरडायचे, आणि मैना काहीच म्हणत नाही हे बघून स्वतःच खदखदून हसायचे.

मामा सगळ्या उमरग्याला आवडायचे. कुणाची गाडी बंद पडो, कुणाच्या पोरीला परीक्षेला सोडायचं असो, मामा हजर. चर्चची रंगरंगोटी त्यांची, पत्र्यावरची गळती त्यांची, घंटेची दोरी त्यांची. आणि नाताळच्या उपासनेनंतर सगळी मंडळी एकत्र जेवते ते प्रीतिभोजनही त्यांचंच. चर्चच्या मागं दगडांची चूल मांडायची, वर मोठी देग, त्यात मटण, आणि देगीपाशी हातात पळा घेऊन पहाटेपासून मामा.

एकच गोष्ट मामा करत नसत. प्रभुभोजन घेत नसत.

हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मी बघत असते, म्हणून मला दिसलं. पाळकसाहेब पुस्तक उघडून भाकरीवरची प्रार्थना सुरू करायचे, की मामांना कसलंतरी काम आठवायचं. माइकची वायर. बाहेर लावलेल्या गाड्या. नाताळात तर देग होतीच. पाठीमागच्या दारातून ते असे हलकेच निघून जात, की दार वाजतही नसे. आणि मग मंडळी रांगेनं पुढं जाऊन वेदीसमोरच्या लाकडी कठड्याशी गुडघे टेकायची. मामीही टेकायची. पण ती नेहमी आपल्या उजव्या हाताला एका माणसाची जागा सोडायची. कठडा छोटा, माणसं जास्त, मागून बायका कुजबुजायच्या, "सरका की जरा." मामी ऐकू न आल्यासारखी तशीच.

मामांची काही वर्षं दारूत गेली होती. मला आठवतही नाही अशा वयातली, मम्मीकडून ऐकलेली ती गोष्ट. मामी माहेरी निघून गेली होती. आजोबांच्या मातीला मामा धड उभेही नव्हते, दोघांनी त्यांना धरलं होतं. मग दारू सुटली. सुटल्यावर पहिल्यांदा ते चर्चला आले, तेव्हा प्रभुभोजनाचाच दिवस होता. त्या वेळचे पाळक वयस्कर, आवाज घोगरा. अयोग्य रीतीनं जो हे खाईल-पिईल तो स्वतःवर दोष ओढवून घेईल, अशा अर्थाचं वचन त्यांनी वाचलं. दर वेळी वाचतातच. पण मामांनी त्या दिवशी ते पहिल्यांदा शुद्धीवर ऐकलं. पुढं झालेले ते अर्ध्यातून माघारी फिरले. तेव्हापासून कुणी विचारलं की एकच उत्तर, "आदी लायक होऊ दे मला. मग बसतो."

लायक होण्यासाठी म्हणून ते पत्रे दुरुस्त करत होते. मला हे तेव्हा पूर्ण कळत होतं, कारण मीही तेच करत होते. माझे पत्रे वेगळे होते एवढंच. वह्यांना कव्हरं, वेळेवर प्रार्थना, कुणाला उलट उत्तर नाही, मार्क वरचे. चांगली मुलगी असणं हा माझा तेव्हाचा पूर्णवेळ धंदा होता. त्यात सुट्टी नव्हती.

नाताळच्या आधी पाळकसाहेब रोज सकाळी दृढीकरणाचा वर्ग घ्यायचे. हे पाळकसाहेब नवीन, तरुण, थंडीत कानाला मफलर. चर्चमधल्या गारठलेल्या फरशीवर सतरंजी टाकून आम्ही चारपाच जण बसायचो. प्रश्नोत्तरं पाठ करायची असत. मला मराठी भराभर वाचता येत नसे, म्हणून मी ती इंग्रजी अक्षरांत लिहून घेतली होती आणि जीवशास्त्राच्या व्याख्या घोकाव्यात तशी घोकली होती.

"आपलं तारण कशानं होतं?" पाळकसाहेब विचारायचे.

"कृपेनं, विश्वासाच्या द्वारे. आपल्या कर्मांनी नाही. ते देवाचं दान आहे," मी एका दमात सांगायचे.

"शाबास."

त्या शाबासकीनं मी दिवसभर खूश असे. कर्मांनी काही मिळत नाही हे उत्तर सर्वांत छान पाठ केल्याबद्दल मला शाबासकी मिळत होती, आणि यात हसण्यासारखं काही आहे हे मला कळतही नव्हतं.

आमच्याकडं कुणाचा डबा रिकामा परत करत नाहीत. शेजारणीनं भाजी पाठवली तर डबा घासून त्यात निदान चार दाणे साखर घालून द्यायची. लग्नात कुणी आहेर केला, तर त्यांच्या घरच्या लग्नात आपला आहेर त्याहून कमी नको. मम्मीच्या डोक्यात हे सगळं पक्कं बसलेलं असतं. मीही तशीच. ऑफिसात कुणी चहा पाजला तर मला संध्याकाळपर्यंत चैन पडत नाही. हे सगळं चांगलंच आहे, माणसं अशानंच माणसांना बांधलेली राहतात. पण या सगळ्यात एक हुरडा मात्र सुटतो. हुरड्याला बोलावलं तर जायचं, खायचं, यायचं. परतफेड नाही. रानात जे उभं आहे ते कुणा माणसाला करता आलेलं नाही, त्याची परतफेड कशी करायची, असं काहीसं असेल. अप्पा म्हणायचे, हुरड्याला डबा घेऊन येणारा माणूस येडा.

नाताळच्या आदल्या दिवशी मामांनी आम्हाला रानात नेलं. सकाळची कोवळी उन्हं, दव अजून वाळलं नव्हतं, ज्वारी माझ्या डोक्याच्या वर गेलेली. त्या ज्वारीतून चालताना कानाशी पानं सळसळतात आणि पुढचा माणूस दिसत नाही, फक्त त्याचं बोलणं ऐकू येतं. मला ते फार आवडायचं. मामी पुढून कुठूनतरी म्हणत होती, "दही सांडू नको गं." मी मागून काहीच म्हणत नव्हते, पण आनंदानं माझे पाय जमिनीला टेकत नव्हते.

आगटी पेटली होती. आगटी म्हणजे जमिनीत केलेला खड्डा आणि त्यात शेणींचे निखारे. मामा उकिडवे बसून कोवळी कणसं त्यात खुपसत होते. शेजारच्या रानातले शिवलिंगअप्पा आधीच येऊन बसले होते. कपाळावर विभूती, अंगात स्वेटर, पायात बूट. "बा, कूडु," ते मला कन्नडमध्ये म्हणाले, ये, बस. मग मामांकडं बघून, "तुझी मैना मोठी झाली की रे. बोलती का आता?"

"इंग्लिशमधी बोलती," मामा म्हणाले. "आपल्याला परवडत न्हाय."

भाजलेलं कणीस काढायचं, दोन्ही तळहातांत धरून चोळायचं, फुंकर मारून कोंडा उडवायचा, आणि उरलेले हिरवट, मऊ, वाफाळते दाणे समोरच्याच्या हातावर ओतायचे. मामांचे हात टायर काढून काढून असे झाले होते, की निखाऱ्यातलं कणीस त्यांना पोळत नसे. आमच्या हातांवर दाणे पडायचे, आम्ही तिखट शेंगदाण्याच्या चटणीबरोबर ते तोंडात टाकायचो, तोवर पुढचं कणीस. अप्पा खाता खाता म्हणाले, "ह्यो मानूस सगळ्यांला खाऊ घालतो आन् सवता कोंडा खातो. अरे, तू कवा खानार?"

"तुमचं झालं की," मामा म्हणाले.

"आमचं काय होतंय संध्याकाळपतूर."

मला ते बघवेना. मी नुसती बसून खातेय आणि मामा घाम पुसतायत. चांगली मुलगी अशी बसते का? मी उठले, आगटीतून एक कणीस ओढलं आणि तळहातांत चोळायला गेले. चटका असा बसला, की कणीस मातीत पडलं आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं. उजव्या तळहाताच्या मधोमध लाल.

मामी ओरडली, "अगं बाई, कशाला हात घातलास?" तिनं सरळ दह्याचं भांडं माझ्या हातावर उपडं केलं.

मामा माझ्यासमोर येऊन बसले. ते रागावले नव्हते, पण हसतही नव्हते. "मैना, तुला कुणी सांगितलं हुतं का काम कराया?"

मी मान हलवली.

"मग? बोलवलंय तुला. बोलवलेल्या मानसानं काम करायचं नसतंय. पावन्यानं फकस्त हात पुढं करायचा. बाकीचं सगळं आमचं. तू लायक हाय का न्हाय, ह्ये कोन इचारतंय का हितं? भूक हाय का, येवढंच."

लायक हा शब्द त्यांनीच काढला. मी वाट बघत नव्हते, काही ठरवलंही नव्हतं. पण वर्गातलं ते घोकलेलं उत्तर, जे इतके दिवस माझ्या जिभेवर होतं, ते एकदम दह्यानं माखलेल्या माझ्या हातात येऊन पडलं. आणि मी बोलले.

"मग चर्चमध्ये तुम्ही पाहुणे नाही का, मामा?"

माझा आवाज मला अनोळखी वाटला. मामीचा हात माझ्या मनगटावर होता तसाच थांबला. अप्पांना काही कळलं नाही, पण काहीतरी झालंय एवढं कळलं, आणि त्यांनी चटणीकडं बघायला सुरुवात केली. मामांच्या हातात नुकतंच काढलेलं कणीस होतं. ते त्यांनी चोळलं नाही, खालीही ठेवलं नाही. नुसतं धरून राहिले. मग ते चोळून, फुंकर मारून त्यांनी माझ्या डाव्या हातावर ओतलं.

"खा," म्हणाले. "गार व्हतंय."

परत येताना ज्वारीतून चालताना पुढून कुणाचंच बोलणं ऐकू येत नव्हतं.

त्या संध्याकाळी मंडळी घरोघर गाणी म्हणत फिरली. ढोलकी, टाळ, एक पेटी, थंडीनं लाल झालेली नाकं. माझ्या आयुष्यात मी इतकी खूश आणि इतकी घाबरलेली एकाच वेळी कधी नव्हते. खूश, कारण उद्या नाताळ. घाबरलेली, कारण रानातल्या त्या प्रश्नानंतर मामांनी मला एकदाही मैना म्हटलं नव्हतं. तोंड उघडलं तेही अशा ठिकाणी, जिथं मामी इतकी वर्षं गप्प राहिली होती. उद्या मी पहिल्यांदा कठड्याशी जाणार, आणि मामा माझ्यामुळं आता कधीच येणार नाहीत, असं मला वाटत होतं. मामीला रात्रीच्या भाकरी थापताना मी हळूच विचारलं, "मामा रागावले का?" मामी म्हणाली, "रागावला असता तर आरडला असता. गप हाय. गप बरं असतंय."

नाताळच्या सकाळी चर्चमध्ये नव्या साड्यांच्या घड्यांचा वास, रंगीत कागदांच्या पताका, आणि मागच्या खिडकीतून येणारा मटणाचा. पहाटेपासून मामा देगीपाशी. माझ्या हाताला मामीनं औषध लावलं होतं, तळव्यावर एक टपोरा फोड. आमचं दृढीकरण झालं. "तारण कशानं होतं?" पाळकसाहेबांनी सगळ्यांसमोर विचारलं. मी उत्तर दिलं. शब्द तेच होते, फक्त या वेळी मी ते एका दमात म्हटले नाहीत.

मग पाळकसाहेबांनी वेदीवरचं पांढरं कापड उचललं. खाली पावाचे तुकडे, आणि मामीनं काळ्या मनुका उकळून केलेल्या रसाचे छोटे प्याले. तेच वचन वाचलं गेलं, अयोग्य रीतीनं खाण्याचं. मी खिडकीकडं पाहिलं. धुरापलीकडं मामांची पाठ दिसत होती. पळा फिरत होता. गोल, गोल.

आम्ही पुढं गेलो. मामीनं गुडघे टेकले आणि उजव्या हाताला जागा सोडली. ती जागा सोडून मी बसले. मागून कुणीतरी म्हणालं, "सरक की गं पोरी." मी सरकले नाही. मामीला ते कळलं असावं, तिनं माझ्याकडं पाहिलं नाही पण तिच्या बांगड्या हलल्या.

उजव्या तळव्यावर फोड होता, तरी मी तोच वर धरला, डावा त्याच्याखाली. पाळकसाहेब पलीकडच्या टोकाला होते, हळूहळू जवळ येत होते. मी डोळे मिटले. मिटलेल्या डोळ्यांना आधी वास आला. धूर, कांदा, गरम मसाला. मग शेजारी लाकडी कठडा कुरकुरला, जड माणूस टेकला की कुरकुरतो तसा.

मी डोळे उघडले. माझ्या आणि मामीच्या मध्ये दोन हात होते. काळे, काजळी लागलेले, बोटांवर हळद, मनगटावर राखेचा पट्टा. इतकी वर्षं आधी स्वच्छ होऊ दे, आधी लायक होऊ दे, म्हणणारा माणूस हात धुवायलासुद्धा थांबला नव्हता. पाळकसाहेब समोर आले, त्यांनी पावाचा तुकडा त्या काळ्या तळव्यावर ठेवला आणि जे सगळ्यांना म्हणतात तेच म्हणाले, "हे तुझ्यासाठी." पुढं माझ्याकडं वळले. माझ्या फोडावर तुकडा ठेवला. मला दुखलं नाही. दुखलं असेल, पण मला आठवत नाही.

मामी रडली नाही. ती तिथं हसली. प्रभुभोजनाच्या कठड्याशी, मान खाली घालून, खांदे हलवत.

पुढं कधीतरी मामा म्हणाले होते, "तू बोललीस म्हनून आलो, असं काय समजू नको बरं का. देगीपाशी हुबा व्हतो. आतून गानं आलं. मला वाटलं, म्या इतकी वर्सं वाढपी होऊन दारात हुबा हाय आन् मालक आत ताट वाढून वाट बगतोय. वाढपी उपाशीच मरतंय, मैना. पळा ठिवला आन् आलो." मला त्या श्रेयाची गरजही नव्हती. माझ्यामुळं नाही, हे ऐकून मी उलट इतकी हलकी झाले, की मला दोन दिवस काही सुचलं नाही.

मध्ये एकदा, कॉलेजात असताना, मला शंका आली होती. हात पुढं करणं हेही एक कामच झालं की. मग विश्वास ठेवण्याचेही मार्क मिळायला लागतील, आणि मी त्यातही पहिली यायला बघेन. पण रिकामा हात दाखवणं याला कुणी मेहनत म्हणत नाही. फक्त त्याआधी हातातलं खाली ठेवावं लागतं. मामांना पळा ठेवावा लागला. मला काय काय ठेवावं लागतं, ते माझं मला ठाऊक. ते मी रोज ठेवते आणि रोज पुन्हा उचलते. तरी येशूनं क्रुसावर जे केलं ते होऊन गेलेलं आहे, माझ्या उचलण्या-ठेवण्यानं त्यात वजाबाकी होत नाही. हे आठवलं की सोमवारच्या सकाळीसुद्धा मला पळत सुटावंसं वाटतं. ऑफिसात कुणाला कळत नाही. कॉम्प्युटरसमोर बसलेली मुलगी आतून धावतेय, हे दिसणार कसं.

मामा अजून चर्चचे पत्रे दुरुस्त करतात. अजून देगीपाशी उभे राहतात. काम तेच आहे. आधी ते वाढायचे, म्हणजे बसावं लागू नये. आता बसून झाल्यावर वाढतात. तो फरक बाहेरच्याला दिसणार नाही, पण आमच्यासारखे जे बघत असतात त्यांना लांबून दिसतो.

परवा तुळजापुरात एसटी थांबली, तिथूनच मी मामीला फोन लावला. "नाताळला येते. काय आणू?"

"काय आणू नको. लग्नाला आल्यासारखी पिशव्या भरून यीऊ नको," मामी म्हणाली. "हुरडा लागलाय. रिकामी ये." मागून मामांचा आवाज आला, "मैना हाय का? काय म्हणती?" आणि मैना त्या वेळी इतकं भराभर बोलत होती, की मामीला फोन कानापासून लांब धरावा लागला.

त्या नाताळातली ती पंगत अजून सांगायची राहिली. उपासना संपली. चर्चच्या मागं अंगणात सगळे मांडी घालून बसले, अप्पाही आले, त्यांच्यासाठी वेगळा वरण-भात. पत्रावळी मांडल्या गेल्या, भात पडला, वर मटणाचा रस्सा. पहिला घास घेतल्यावर सगळी पंगत जरा थांबली. म्हाताऱ्या बायका एकमेकींकडं बघायला लागल्या. शेवटी पाळकसाहेबांनीच भीत भीत विचारलं, "मामा, मटण खाली लागलंय का हो?"

मामा पळा घेऊन पंगतीच्या मधोमध उभे होते. हात अजून तसेच काळे. त्यांनी देगीकडं पाहिलं, मग आमच्या सगळ्यांकडं.

"व्हय साहेब, लागलंय," ते म्हणाले. "आज म्या जेवाया बसलो व्हतो."